सोलापूरहून सातपुड्यातल्या पाड्यांवर गृहभेटीला जाताना

ख्रिस्ती मंडळीच्या गृहभेटीत एका जोडीने दिवसाला तीन घरं करावीत. चौथं धरू नये. सोलापुरात एका संध्याकाळी चार ठिकाणी कॉटेज प्रार्थना, म्हणजे घरोघरच्या प्रार्थनासभा, उरकून जेवायला घरी पोहोचायची सवय असते. म्हणून दौऱ्याची यादी करतानाही एकेका दिवसाखाली दहा-दहा कुटुंबं लिहिली जातात आणि पहिल्याच दिवशी दुपारी सगळं फिसकटतं. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरात गाव म्हणजे वेस आणि गल्ल्या नव्हेत. भिल्ल, पावरा कुटुंबं ज्याच्या त्याच्या शेतात राहतात. घरं पाड्यापाड्यांत विखुरलेली असतात. समोरच्या टेकडीवरचं घर हाकेच्या अंतरावर दिसतं, पण मधली दरी उतरून पुन्हा चढायला पाऊण तास सहज जातो.

म्हणून यादी घरांची न करता वेळेची करा. चालायचा हिशेब असा धरा: सपाटीवर तासाला तीन किलोमीटर, आणि चढ असेल तर दर तीनशे मीटर उंचीमागे आणखी एक तास. तिथले लोक याच्या निम्म्या वेळात जातात, त्यामुळे त्यांनी सांगितलेला ‘अर्धा तास’ आपल्यासाठी एक तास असतो. घरातला वेळ कमीत कमी दीड तास. माणसं सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी चारनंतरच भेटतात. मधल्या वेळी ती शेतात किंवा गुरांमागे असतात.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान असते आणि नाताळाच्या सुट्ट्याही असतात, म्हणून बहुतेक मंडळ्या तेव्हाच निघतात. हीच मोठी चूक. दिवाळीनंतर सातपुड्यातली पुष्कळ कुटुंबं ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात उतरतात. घरी राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या गळ्यात पडलेली लहान पोरं. त्यांची भेटही मोलाची असते, पण कुटुंब भेटलं असं म्हणता येत नाही.

लोक परततात ते होळीला. तो तिथला वर्षाचा सण. त्याआधीचे भोंगऱ्याचे बाजार आणि होळीचे दिवस वगळा, कारण त्या वेळी गावाचं लक्ष सणात असतं आणि ख्रिस्ती घरांवर सगळ्यांची नजर असते. अशा दिवशी बाहेरची दहा माणसं दारात उभी राहिली तर त्या घराला वर्षभर बोलणी खावी लागतात. होळीनंतरचे तीन-चार आठवडे चांगले. त्यापुढे ऊन वाढतं, झरे आटतात आणि आपण प्यायलेला प्रत्येक तांब्या कुणीतरी डोक्यावरून चढवलेला असतो. दुसरा चांगला काळ दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचा. मात्र धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंब्याच्या शिखरावर यात्रा असते. त्या दिवसांत धडगावकडच्या जीपगाड्या यात्रेकरूंनी भरून जातात. महाशिवरात्रीला तोरणमाळची तीच गत.

ठरवलेल्या पाड्याचा आठवडे बाजार कुठल्या वारी असतो तेही आधी विचारा. त्या दिवशी घरं रिकामी असतात. पण निरोप पाठवायला बाजारासारखं साधन नाही. वर डोंगरात फोन लागत नाही, बाजारात मात्र प्रत्येक पाड्याचा कुणी ना कुणी येतोच.

बोलावणं आणि परवानगी

ज्या कुटुंबाने बोलावलं त्याच्याकडेच जायचं. बोलावणं तिथल्या मंडळीच्या पाळकामार्फत किंवा मंडळीच्या वडीलजनांमार्फत यावं, आणि कुटुंबाची नावं त्यांनीच द्यावीत. महिनाभर आधी सरपंच आणि पोलीस पाटील यांना कळवा: किती माणसं, कुठून, कुणाकडे, किती दिवस. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आहेत, त्यामुळे गावाला वगळून चोरपावलांनी जाणं चुकीचंही आहे आणि धोक्याचंही.

धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क संविधानाच्या कलम २५ मध्ये आहे. पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्पष्ट केलं. गटातल्या प्रत्येकाला हा फरक निघण्याआधी समजलेला असावा. सध्याचे नियम काय आहेत ते निघण्याच्या आठवड्यात एखाद्या वकिलाला विचारून घ्या. परदेशी पाहुणा सोबत न्यायचा विचार असेल तर सोडून द्या. पर्यटक व्हिसावर धर्मप्रसाराचं काम चालत नाही, आणि त्याचा त्रास मागे राहणाऱ्या पाड्यालाच होतो.

आणि वस्तूवाटप नको. चादरी, वह्या, साड्या, पैसे, काहीच नको. सोलापूरकराच्या मनात चादर न्यायचं हमखास येतं आणि त्यामागे प्रेमच असतं. पण एका घरात प्रार्थना झाली आणि त्याच अंगणात चादर दिली, की शेजाऱ्याच्या दृष्टीने त्या दोन्ही गोष्टी एकमेकींची किंमत होतात. घेणाऱ्याचा विश्वास स्वस्त ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. खरी गरज दिसली तर ती तिथल्या मंडळीला सांगावी. पुढे काय, कसं आणि जातधर्म न पाहता कुणाकुणाला द्यायचं ते त्यांनी ठरवावं.

माणसं आणि तयारी

सहा जण पुरेत. दोघादोघांच्या तीन जोड्या, आणि प्रत्येक जोडीबरोबर त्या पाड्याची बोली बोलणारा एक जण, तोच वाटाड्या आणि दुभाष्या. सहात किमान दोन बहिणी, म्हणजे मंडळीतल्या स्त्रिया, असाव्यात. बहिणी नसतील तर चुलीपाशी बसलेल्या बाईशी कुणीच बोलत नाही, आणि घराची खरी हकिकत तिच्याकडेच असते. मुक्कामात बहिणींची झोपायची सोय घरातल्या बायकांसोबत करावी. लहान मुलासोबत आपल्यातल्या कुणीही एकट्याने थांबायचं नाही. हा नियम पाळकांनाही लागू.

सोलापूर सपाट आहे. रोज पाच किलोमीटर चालणाऱ्याचेही गुडघे उतारावर बोलायला लागतात, कारण चढाने दम लागतो पण मांड्या आणि गुडघे थकवतो तो उतार. सहा आठवडे आधीपासून आठवड्यातून तीनदा जिने चढा आणि मुख्य म्हणजे उतरा, पाठीवर पाच किलो वजन घेऊन. शेवटचे दोन रविवार उपासनेनंतर तुळजापूरच्या बाजूला बालाघाटाच्या टेकड्यांत तीन तास हिंडून या. बूट तेव्हाच पायात बसवून घ्या. नव्या बुटांनी दुसऱ्या दिवशी टाचेला फोड येतो आणि एका माणसासाठी सगळी जोडी अडकते. ज्यांना हे तीन तास जमले नाहीत त्यांनी धडगावात थांबून मागची व्यवस्था पाहावी. तेही तितकंच गरजेचं काम आहे.

रस्ता

सोलापूर ते धुळे राष्ट्रीय महामार्ग ५२: तुळजापूर, धाराशिव, बीड, छत्रपती संभाजीनगर, कन्नडचा घाट, चाळीसगाव. साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. पहिला मुक्काम धुळ्यात किंवा शहाद्यात करा. शहाद्याहून धडगावचा घाट दिवसाउजेडीच चढायचा. एका दमात सगळा प्रवास करणारी गाडी त्या घाटात रात्रीच पोहोचते, आणि चालकाची झोप व घाटाची वळणं यांची गाठ पडू देऊ नये. धडगावपुढे आपली गाडी ठेवून तिथली जीप करा. पावसाळ्यानंतरच्या कच्च्या वाटा त्या चालकालाच ठाऊक असतात. वडापमध्ये, म्हणजे प्रवासी जीपमध्ये, टपावर किंवा मागे लटकून कुणी बसायचं नाही, उशीर झाला तरी चालेल. नर्मदाकाठच्या पाड्यांवर होडीने जावं लागतं. लाइफ जॅकेट माणशी एक असेल तरच चढा, आणि परतीची होडी सूर्यास्ताच्या आत सुटेल अशी धरा.

रोख पैसे सोलापुरातूनच न्या, दहा, वीस, पन्नास आणि शंभराच्या नोटांत. वर फोनवरून पैसे जात नाहीत आणि पाचशेचे सुटे मिळत नाहीत.

शिधा

यजमानाच्या घरी आपला भार पडू नये याचा हिशेब असा. सहा जण आणि तीन वाटाडे मिळून नऊ, चार दिवस, दोन वेळा, म्हणजे ७२ पानं. माणशी एका वेळेला शंभर ग्रॅम तांदूळ आणि पन्नास ग्रॅम डाळ धरली तर सव्वासात किलो तांदूळ आणि साडेतीन किलो डाळ. त्यावर दीड लिटर तेल, दोन किलो साखर, अर्धा किलो चहा, एक किलो मीठ. हे सामान जोड्यांत वाटून तीन पिशव्या करा. पिशवी अंगणात चारचौघांत द्यायची नाही. बहिणींनी ती चुलीपाशी नेऊन घरच्या बाईच्या हातात द्यावी आणि ‘ताई, आमच्या वाटणीचा शिधा’ एवढंच म्हणावं. मग ती भाकरी आणि तिच्या घरची भाजी वाढेल, ती आवडीने खावी. येशूने शिष्यांना पाठवताना दिलेली सूचना लूकच्या दहाव्या अध्यायात आहे: पुढे वाढतील ते खा आणि घरं बदलत फिरू नका. पाड्यावर ती शब्दशः उपयोगी पडते. पहिल्या घरी उतरलात आणि पुढच्या पाड्यावर सिमेंटचं घर दिसलं म्हणून तिकडे हललात, तर पहिलं घर कायमचं दुखावतं.

वाटेतल्या भुकेसाठी आपल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी यांना तोड नाही. माणशी दिवसाला तीन. मात्र पिशवीत आडव्या टाकल्या की दुपारपर्यंत चुरा. मोठ्या स्टीलच्या डब्यात सुती फडकं घालून त्या उभ्या, एकीला एक चिकटवून भरा, आणि मोकळ्या जागेत फडक्याचा बोळा कोंबा. चटणीचा डबा त्यांच्यापासून वेगळा ठेवा, कारण तेल लागलं की भाकरी मऊ पडते.

पाणी उकळलेलंच प्या. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. घरात दिलेल्या पाण्याला थेट नाही म्हणणं जड जातं. तिथे ‘कोरा चहा चालेल’ म्हणावं. पाणी उकळतं आणि बसायला निमित्तही मिळतं.

घरात

अंगणाच्या कडेला थांबा. वाटाड्या आधी जाईल, घरातून हाक आली की आत. पहिली वीस मिनिटं धर्माची एकही गोष्ट काढू नका. पाऊस, पीक, गुरं, कोण आजारी, कोण कुठे कामाला गेलंय, हे ऐका. मग घरच्यांनाच विचारा, प्रार्थना करू का आणि कशासाठी. एक भजन, आठ ओव्यांच्या आत बसेल एवढं वचन, आणि तीन-चार मिनिटांची प्रार्थना. स्तोत्र १२१ डोंगरातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

दुभाष्याबरोबर बोलणं शिकावं लागतं. एक वाक्य, आठ-दहा शब्दांचं, मग थांबा. वचन त्याला आदल्या रात्रीच दाखवा. आपल्या सवयीचे ‘तारण’, ‘कृपा’, ‘पश्चात्ताप’ हे शब्द तिथे तसेच टाकले की दुभाष्या अडतो, आणि अडला की मनाने काहीतरी जोडून देतो. ‘कृपा’ म्हणायचं असेल तर कर्ज माफ करणाऱ्या माणसाची गोष्ट सांगा. शाळेत गेलेल्या पोरांना मराठी वाचता येतं, आजीला येत नाही. त्या बोलीतली ध्वनिमुद्रणं तिथल्या पाळकाकडे असतील तर ती आधी मागून घ्या.

वाटेत वाघदेवाचं ठाणं लागलं तर बाजूने जा, बोट दाखवू नका, त्यावर बोलूही नका. वाघदेव काय किंवा याहा मोगी ही देवी काय, ती शेजाऱ्यांची श्रद्धा आहे, आणि उद्या त्या ख्रिस्ती घराला विहिरीवर त्याच शेजाऱ्यांसोबत उभं राहायचं आहे.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करावी, पण बरं होण्याचं वचन देऊ नये आणि चालू औषध थांबवायला कधीही सांगू नये. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात चमत्काराच्या नावाने फसवणूक आणि साप-विंचू चावलेल्याला उपचारांपासून रोखणं हे गुन्हे आहेत. गोळ्याही वाटू नका. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण पुष्कळ आहेत, सांधेदुखी-ताप म्हणून दिलेली आपली गोळी त्या दुखण्यावर चुकीची ठरू शकते. जुलाबावर ओआरएस चालेल: एक मोठं पाकीट, बरोबर एक लिटर पाणी. अर्ध्या लिटरमध्ये घोळलं तर ते अपाय करतं. साप चावला तर जखम कापू नका, आवळून बांधू नका. अवयव हलू न देता झोळीतून गाडीरस्त्यापर्यंत आणा, आणि रेंज येईल तिथून १०८ लावा. रेंज कुठल्या टेकडीवर येते ते पहिल्या दिवशीच विचारून वहीत लिहा.

प्रार्थनेचे फोटो काढू नका. मंडळीच्या व्हॉट्सअप गटावर टाकलेला फोटो चार दिवसांत त्याच गावच्या फोनवर पोहोचतो, आणि कुणाच्या घरी कोण बसलं होतं हे सगळ्यांना दिसतं. कुटुंबाने स्वतः फोटो मागितला तर त्यांच्याच फोनवर काढून द्या.

परतल्यावर

प्रत्येक घराचं एक पान ठेवा: माणसं, प्रार्थनेचा विषय, आणि आपण कबूल केलेलं काही असेल तर ते, तारखेसह. कबूल केलेल्या गोष्टीखाली पुरी करणाऱ्याचं नाव लिहा. आजाराची नोंद त्या वहीबाहेर जाऊ देऊ नका.

एक प्रश्न तिथून निघतानाच विचारायला हवा: ऊसतोडीला या वर्षी कुठे जाणार, मुकादम कोण, कारखाना कुठला. काही टोळ्या आपल्या भागातही येतात. म्हणजे पुढची भेट एवढा लांबचा फेरा न मारता होऊ शकते. कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्यांवर, रविवारी सकाळी जाऊ नका, तोड सुरू असते. दुपारी गाडी भरून गेल्यावर माणसं तासभर मोकळी असतात, पण कुठल्याही क्षणी दुसरी गाडी लागू शकते, म्हणून आधी मुकादमाला फोन करा. जाताना ती वही सोबत न्या. पाड्यावर राहिलेल्या आजीचं नाव घेऊन तिची विचारपूस केली की कोपीतली सून आधी जागा झाडते, मग बसायला पोतं टाकते.