इटलीत आलात? आधी जेवणाचं घड्याळ लावून घ्या

मिलानला नव्याने येणाऱ्या मराठी मुलामुलींना मी भाषेच्याही आधी जेवणाच्या वेळा सांगते. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसात-आठनंतर. दक्षिणेत आणखी उशिरा. मधल्या वेळात बहुतेक रेस्टॉरंटांची चूल बंद असते. चार वाजता भूक लागली तर सरळ बारमध्ये, म्हणजे इथल्या कॅफेत जा आणि पानीनो, म्हणजे सँडविच मागा. बारला बिचकू नका, सकाळी शाळेच्या वाटेवरची मुलंसुद्धा आईबरोबर तिथेच खात असतात.

नाश्ता मात्र अगदीच चिमूटभर आणि गोड: कॉफी आणि ब्रिओश, म्हणजे क्रोसाँसारखा गोड पाव, ज्याला रोममध्ये कोर्नेत्तो म्हणतात. पोहे-उपम्यावर वाढलेल्यांनी घरूनच खाऊन निघावं. कॉफी काउंटरशी उभ्याउभ्या प्यायची. टेबलावर बसलात की बऱ्याच ठिकाणी तिचाच भाव वाढतो. स्टेशनवरच्या बारमध्ये बहुधा आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती काउंटरवर दाखवावी लागते. कापुचिनो सकाळपुरता. जेवणावर मागितलात तर देतील, पण भरल्या पोटी दूध पचत नाही अशी इथे पक्की समजूत आहे.

जेवण टप्प्याटप्प्याने येतं. प्रीमो म्हणजे पास्ता किंवा रिझोत्तो (मऊसर भात), मग सेकोंदो म्हणजे मांस-मासे, आणि भाजी कोंतोर्नो म्हणून वेगळी मागवायची. आपल्यासारखं सगळं एका ताटात वाढलेलं मिळत नाही. सगळे टप्पे घ्यायलाच हवेत असंही नाही. दुपारी नुसता प्रीमो घेणारे पुष्कळ. पिझ्झा ज्याचा त्याचा. बिलात माणशी दोन-तीन युरो कोपेर्तो, म्हणजे टेबलाचा आकार लागलेला दिसेल, त्यावर भांडू नका. तो मेनूवर छापलेला असतो. टिपची सक्ती नाही.

आता शाकाहारी मंडळींसाठी. ‘मांस खात नाही’ एवढंच म्हणालात तर ट्यूना घातलेलं सॅलड समोर येऊ शकतं, कारण मासा मांसात धरत नाहीत. म्हणून ‘ने कार्ने, ने पेशे’ म्हणा, म्हणजे मांसही नको आणि मासाही नको. वर हॅम नको हेही सांगा. तेवढ्यानेही भागत नाही. मिलानचा तो पिवळाधमक, केशर घातलेला रिझोत्तो पारंपरिक पद्धतीने मांसाच्या ब्रोदोत, म्हणजे रश्श्यात शिजतो आणि त्यात बैलाच्या हाडातला मगज असतो. रोमान्या भागातल्या पियादीनात, म्हणजे पोळीसारख्या चपट्या पावात, बरेचदा डुकराची चरबी असते. तेलातली मिळते, विचारून घ्या. पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या विरजणाने जमवतात, आणि अस्सल पेस्तोत (तुळशीच्या हिरव्या सॉसमध्ये) तेच चीज पडतं. कुठे रेघ ओढायची ते ज्याचं त्याने ठरवावं; मी चीजपाशी डोळेझाक करते. निर्धास्त खायचं असेल तर पिझ्झा मारिनारा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. चीजच नाही.

कोणी घरी जेवायला बोलावलं तर वेळ पाळा. पास्ता पाहुणे आल्यावरच उकळत्या पाण्यात पडतो आणि झाला की लगेच खायचा असतो. तव्यावरून पानात येणाऱ्या पोळीसारखाच त्याचा मान. सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबा. स्पगेत्ती सुरीने कापू नका, आणि माशाच्या पास्त्यावर चीज मागू नका, यजमानीणबाईंचा चेहरा पडतो. ताटलीतला उरलेला सॉस पावाने पुसून खाणं घरात चालतं, उलट त्यांना आवडतंच. रविवारच्या दुपारी जाताना मिठाईच्या दुकानातून छोट्या पेस्ट्रींचा ट्रे घेऊन जा. तिखट लोणच्याची बरणी पहिल्याच भेटीत नको.

नोकरीला लागलात तर कंपनी बुओनी पास्तो, म्हणजे जेवणाची कुपनं देते का ते विचारा; बऱ्याच सुपरमार्केटात ती वाणसामानालाही चालतात. आणि 15 ऑगस्टच्या आसपास, इथल्या उन्हाळी सुट्टीत, आपल्या गल्लीतली दुकानं, खानावळी दोन-तीन आठवडे बंद राहू शकतात. डाळ-तांदूळ जुलैतच भरून ठेवा.