उघड्या मुळांचा गुलाब लावताय? या चुका टाळा, आणि रुसलेलं झाड उपटण्याआधी हे बघा

उघड्या मुळांचा गुलाब हातात आला की बहुतेकांचा चेहरा पडतो. पान नाही, माती नाही; नुसत्या काटेरी काड्या आणि खाली मुळ्यांचा झुपका. पण काही बिघडलेलं नसतं. झाड विश्रांतीत असताना जमिनीतून काढून, माती झटकून ते पाठवलेलं असतं. बिघडवण्याचं काम पुढे आपण करतो, आणि तेही बहुधा जास्त काळजीपोटी.

सगळ्यात आधी मुळं. ती वाऱ्या-उन्हात उघडी राहिली की तंतुमुळं लवकर सुकतात. म्हणून खड्डा खणायला घेण्याआधी रोप बादलीभर पाण्यात ठेवा. काही तास किंवा रातभर पुरे. दिवसेंदिवस बुडवून ठेवलं तर मुळं गुदमरून कुजतात. लावायला वेळ लागणार असेल तर मुळं ओलसर मातीत तिरपी पुरून ठेवावीत. तुटकी, काळी पडलेली टोकं तेवढी कापा. खड्डा लहान पडतोय म्हणून चांगली मुळं छाटणारे लोक आहेत. अहो, खड्डा मोठा करा की!

साधारण ४५ सेंटीमीटर रुंद आणि तेवढाच खोल खड्डा बरा. तळाशी मातीचा उंचवटा करून मुळं चहूबाजूंनी पसरवायची, म्हणजे ती दुमडत नाहीत. आधी खड्ड्यात पाणी भरून बघा. कित्येक तासांनीही ते तसंच उभं असेल तर जागा बदला किंवा वाफा उंच करा. माती भरताना मध्येच पाणी घाला, मातीतल्या पोकळ्या बसतात. पायाने धबाधबा तुडवू नका.

कलमाचा जोड, म्हणजे खुंटावर (मुळं पुरवणाऱ्या खालच्या झाडावर) हव्या त्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फुटव्याचा अंकुर, बसवला तिथली गाठ, किती खोल ठेवायची यावर वाद फार. उष्ण हवेत ती मातीच्या वर किंवा बरोबरीने असावी. कडक गोठणाऱ्या थंडीत मात्र पाचेक सेंटीमीटर खाली पुरतात. दुसऱ्या हवामानातला सल्ला वाचून डोळे मिटून तो पाळणं, ही मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

आणि खत! लावतानाच मूठभर रासायनिक खत खड्ड्यात टाकण्याचा मोह आवरा. नवी मुळं त्याने करपतात. चांगलं कुजलेलं खत मातीत मिसळलंत तर चालेल, ताजं शेण नको. बाकी खत पहिला बहर येऊन गेल्यावर.

आता खरी गोम. पहिली कोवळी पानं खोडात साठलेल्या अन्नावर फुटतात, मुळं तेव्हा अजून कामाला लागलेली नसतात. म्हणून असं होतं की रोप छान फुटतं, आपण खूश होतो, आणि ऊन वाढताच पानं मान टाकतात. अशा वेळी पाणी ओतत सुटू नका. बोट खुपसून बघा. माती आत कोरडी असेल तर सावकाश, खोलवर पाणी द्या. ओली असेल तर पाणी थांबवून वाफसा येऊ द्या, म्हणजे जास्तीचं पाणी निघून माती नुसती ओलसर राहू द्या, दुपारची सावली करा आणि लांब फांद्या निम्म्याने कमी करा. पानं कमी, तर मुळांवरचा भार कमी. कळ्या आल्या असतील तर त्याही खुडा. जिवावर येतं, पण खुडा.

डोळे फुटतच नसतील तर नखाने साल जरा खरवडा. आत हिरवं असेल तर खोड जिवंत आहे. ते सुकू नये म्हणून बुंध्याभोवती १५ सेंटीमीटरपर्यंत ओलसर मातीची भर द्या आणि कोंब दिसू लागले की हळूहळू काढा, नाहीतर कोवळे कोंब मोडतात. तपकिरी, कोरडं लागलं तर गर पांढरा दिसेपर्यंत फांदी खाली कापत या. थंडीने काळवंडलेल्या शेंड्यांनाही हाच इलाज, फक्त थंडी ओसरल्यावर. बुंधा काळा आणि मऊ पडला असेल तर मात्र झाड गेलं.

कधी उलटं घडतं: वरचं कलम मलूल आणि जोडाच्या खालून मात्र जोमदार फुटवा. तो खुंटाचा आहे. वरून कापलात तर पुन्हा येतो; माती उकरून जिथून निघालाय तिथूनच ओढून तोडा.

हे सगळं नीट करूनही झाड खुरटतंय आणि त्या जागी आधी बरीच वर्षं गुलाबच होता, तर संशय मातीवर घ्या. जुन्या गुलाबाच्या जागी नवा गुलाब बऱ्याचदा धरत नाही. पुढच्या विश्रांतीच्या काळात रोप काढून दुसरीकडे न्या. तीच जागा हवी असेल तर निदान ४५ सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती काढून, जिथे गुलाब कधीच नव्हता तिथली माती भरा.