अँकर मराठीत कसा आणायचा: कुठे नांगर, कुठे निवेदक, कुठे आधार

अँकर हा शब्द दिसला की लगेच डिक्शनरी उघडू नका, आधी बघा की इथे कोण कशाला धरून ठेवतंय, तेवढं कळलं की मराठी शब्द आपोआप सुचतो.

मूळ अर्थ जहाजाचा नांगर. मला फार आवडतं की शेतातला आणि बोटीचा नांगर मराठीत एकच. कोकणात हर्णैला गेलात तर किनाऱ्याजवळच्या होड्या बघा, लाटेने होडी मागे सरकते, दोर ताणला जातो आणि नांगराचे दात वाळूत रुततात, ओढ वाढली की अजून खोल, फाळ जमिनीत शिरतो अगदी तसेच. इंग्रजीतही प्लाऊ अँकर आहेच (प्लाऊ म्हणजे शेतातला नांगर), जी. आय. टेलर या शास्त्रज्ञाने १९३३ साली काढलेला, दिसायला फाळासारखा. अँकरचा मूळ ग्रीक शब्द वाकडेपणा दाखवणाऱ्या शब्दमुळातला, आपला अंकुशही त्याच कुळातला.

आता क्रियापदं, इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. ड्रॉप अँकर म्हणजे नांगर टाकणे. वे अँकर म्हणजे नांगर उचलून निघणे, त्यात वजन करायचं काही नाही. बंदराबाहेर नंबर येईपर्यंत थांबलेलं जहाज नांगरलेलं असतं, पण मूर म्हटलं असेल तर ते दोराने धक्क्याला नाहीतर बोयाला, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या पिंपाला, बांधलंय, आणि बर्थ झालं म्हणजे धक्क्याला लागलं. तिन्हीकडे "नांगरलं" लिहिलंत तर कोळी माणूस लगेच ओळखेल.

टीव्हीवर बातम्या देणारा वृत्तनिवेदक, स्टेजवरचा सूत्रसंचालक. रिलेमध्ये अँकर म्हणजे शेवटचा टप्पा धावणारा. क्रिकेटमध्ये तर आपल्याकडे इतका सुंदर शब्दप्रयोग तयार आहे, एका बाजूने विकेट पडत असताना दुसरी बाजू लावून धरणारा, तिथे अँकर रोल लिहायची गरजच नाही.

शेअर बाजारात मात्र शब्द तसाच ठेवा. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २००९ साली आणलेले अँकर इन्व्हेस्टर म्हणजे आयपीओ (कंपनीची पहिली शेअरविक्री) सगळ्यांसाठी उघडायच्या आधीच पैसे लावणाऱ्या मोठ्या संस्था, त्यांना ते शेअर्स लगेच विकता येत नाहीत. मी एका अ‍ॅपवर "नांगर गुंतवणूकदार" वाचलंय आणि खरंच वाईट वाटलं, कारण नवीन माणसाला त्यातून काहीच कळत नाही.

भिंतीतला अँकर बोल्ट तसाच चालतो, हार्डवेअरवाल्याकडे तेच नाव मागतात. साडीच्या दुकानात पहिली किंमत चार हजार ऐकली की नंतर अडीच हजार स्वस्त वाटतात, त्याला मानसशास्त्रात अँकरिंग म्हणतात, मराठीत सरळ लिहा, पहिला आकडा डोक्यात बसतो.

आणि कोणी आईबद्दल "शी इज माय अँकर" लिहिलं असेल तर तिथे नांगर, दोर, समुद्र सगळं सोडून द्या. "आईचाच आधार आहे."