धुऱ्यावरची अंबाडी: भाजीही, वाखही

पहिला दमदार पाऊस झाला की धुऱ्यावर किंवा परसात बी टाका. भाजीची आणि वाखाची (म्हणजे सालीतून निघणाऱ्या धाग्याची) अंबाडी मात्र वेगळी ठेवा. भाजीसाठी शेंडे खुडले की फांद्या फुटतात आणि धागा आखूड येतो. वाखाची रोपं चार बोटांवर दाट ठेवली की सरळसोट वाढतात.

फुलं लागताच कापा. बोंडं पिकेपर्यंत थांबलात तर धागा राठ होतो. दोन-तीन दिवसांत पानं गळली की पेंढ्या बांधून टाक्यात दगडाखाली बुडवा, वर एकही काडी राहू नये. गुरांच्या पिण्याच्या पाण्यात तर नाहीच! साधारण 10 ते 15 दिवस लागतात, थंडीत जास्त. आठव्या दिवसापासून रोज एक काडी काढून पाहा. साल बुडापासून सहज सुटली की त्याच दिवशी काढा. उशीर झाला तर धागा कुजून तुटतो, घाई केली तर चिकट साल राहते. धुऊन दोरीवर वाळवा.

या वाखाच्या विणकामाला वेगळा वेळ कशाला शोधायचा? पेंढ्या भिजताहेत तोवर विणायची चौकट ठोकून सुती ताणा, म्हणजे उभे धागे, बांधून ठेवा. वाख किंचित ओला करूनच वळा.