परदेशी वकिलातीच्या व्यापार विभागात नोकरी कशी मिळवाल?

वकिलात म्हटलं की व्हिसाची रांग डोळ्यांपुढे येते. पण वकिलातींचा एक विभाग व्हिसाच्या वाटेला जातच नाही. आपल्या देशातल्या कंपन्यांना भारतात गिऱ्हाईक, वितरक किंवा भागीदार शोधून देणं हे त्याचं काम. अमेरिकेची कमर्शियल सर्व्हिस, ऑस्ट्रेलियाची ऑस्ट्रेड, जपानची जेट्रो, कोरियाची कोट्रा, इटालियन ट्रेड एजन्सी अशी ही मंडळी मुंबईत आहेत. जर्मनीसाठी हे काम १९५६ साली सुरू झालेलं इंडो-जर्मन चेंबर ऑफ कॉमर्स करतं, त्याची कचेरी पुण्यातही आहे. मुख्य अधिकारी बहुधा त्या देशाचा असतो आणि काही वर्षांनी बदलून जातो. फोन, भेटी, अहवाल हा रोजचा गाडा ओढतात ते इथले भारतीय कर्मचारी. हा लेख त्या जागांबद्दल आहे.

१. आधी काम ओळखा

समजा, इटलीतल्या एका छोट्या कंपनीला तिची पॅकिंग मशिन्स महाराष्ट्रात विकायची आहेत. तुम्ही आधी एचएस कोड, म्हणजे आयात-निर्यातीत प्रत्येक मालाला दिलेला आकडा, काढता. तो ८४२२ ने सुरू होतो, आणि भांडी धुण्याचं मशीनही त्याच चार आकड्यांत मोडतं! पुढचे आकडे न बघता आयातीची रक्कम साहेबांना सांगितलीत, तर फजिती ठरलेली. मग सीमाशुल्क किती, बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र लागतं का, ते तपासायचं. त्यानंतर चाकण, भोसरी, वसईतल्या कंपन्यांची यादी करून एकेकीला फोन. बरेच जण टाळतात, थोडे तयार होतात. त्यांच्या भेटी दोन दिवसांत बसवायच्या, पाहुण्यांसोबत फिरायचं, अहवाल लिहायचा आणि पुढे कित्येक महिने पाठपुरावा करायचा. थोडक्यात, स्थळं जुळवणाऱ्या काकूंचं काम. मेजवान्या असतात, पण तिथंही बिल्ले वाटायला तुम्हीच उभे.

२. पदवी आणि अनुभव

कमर्शियल असिस्टंट, ट्रेड अ‍ॅडव्हायझर, बिझनेस डेव्हलपमेंट मॅनेजर अशा नावांनी जागा निघतात. बहुधा पदवी आणि काही वर्षांचा अनुभव मागतात. परदेशी व्यापार शिकवणाऱ्या, दिल्लीच्या आयआयएफटीसारख्या संस्थेतलं एमबीए असेल तर उत्तमच. पण कोऱ्या एमबीएपेक्षा एमआयडीसीतल्या कंपनीत तीन वर्षं विक्री किंवा खरेदी केलेला इंजिनिअर मला या कामाला जास्त लायक वाटतो. वाहनांचे सुटे भाग, अन्नप्रक्रिया, औषधं, पाणी शुद्धीकरण, यांतलं एक क्षेत्र धरा. त्यातली माणसं नावानिशी माहीत असणं हेच तुमचं भांडवल.

३. भाषा

इंग्रजीत दोन पानांचा नेटका अहवाल लिहिता आलाच पाहिजे. जपानी कचेरीकडे डोळा असेल तर जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा द्या, ती जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. पुण्यात परदेशी भाषा शिकायला रानडे इन्स्टिट्यूट आणि जर्मनसाठी मॅक्समुल्लर भवन आहेतच. मराठी मात्र अर्जात लिहायची विसरू नका. कारखान्याच्या मालकाशी पहिली पाच मिनिटं मराठीत झाली की पुढचं बोलणं सोपं जातं.

४. अर्ज

जाहिराती वकिलातींच्या अधिकृत संकेतस्थळांवर येतात. एजंट नको, आणि अर्जासाठी पैसे मागणारा ठग समजा. जाहिरातीतल्या प्रत्येक अटीपुढे आपला पुरावा लिहा. ‘उत्तम संवादकौशल्य’ याने काही कळत नाही, ‘दोन वर्षांत अकरा नवे वितरक नेमले’ याने कळतं. मुलाखतीआधी छोटा अहवाल लिहायला सांगू शकतात. निवडीनंतर सुरक्षा तपासणी होते, आणि ती महिनोन्‌महिने रेंगाळू शकते. लेखी नेमणूक हातात आल्याशिवाय जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नका.

५. पगार आणि कर

इथे बरेच जण अडकतात. भारतीय नागरिकाच्या या पगारावर आयकर लागतोच, पण अनेक वकिलाती टीडीएस, म्हणजे पगारातूनच कर, कापत नाहीत. मग १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना आगाऊ कर आपणच भरायचा. पहिल्याच महिन्यात वेगळं खातं उघडून त्यात पैसे टाकत चला. आणि हो, राजनैतिक निळी नंबरप्लेट तुमच्या गाडीला लागणार नाही.

६. पुढे काय?

शिडी आखूड आहे. वरची खुर्ची बहुधा त्यांच्याच माणसाची, त्यामुळे आठ-दहा वर्षांत तुम्ही छताला टेकता. तिथून वाट फुटते ती उद्योगसंघटनेकडे, सल्लागार कंपनीकडे, नाहीतर ज्यांना भारतात आणलं त्यांच्यापैकीच एखाद्या कंपनीच्या भारतप्रमुख पदाकडे.

परदेशात भारताच्या वतीने हेच काम करायचं असेल तर रस्ता वेगळा: यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा, तिच्यातून विदेश सेवा, आणि मग एखाद्या भारतीय दूतावासातला वाणिज्य विभाग. खुल्या गटाला वयोमर्यादा ३२.