‘तबला’ का बंद झाले? फ्यूजन स्वयंपाकघरात येऊ पाहणाऱ्यांसाठी

हॉटेल मॅनेजमेंटची मुले माझ्याकडे प्रशिक्षणाला येतात, तेव्हा अनेकांच्या मनात स्वतःचे फ्यूजन, म्हणजे वेगवेगळ्या पाकशैलींचा मेळ घालणारे, रेस्टॉरंट काढण्याचे असते. त्यांना मी न्यूयॉर्कच्या ‘तबला’ या रेस्टॉरंटचा अभ्यास करायला सांगतो, कारण तिथल्या चवीला कोणीही नाव ठेवले नाही आणि तरीही ते बंद करावे लागले.

मुंबईत जन्मलेले, मूळचे गोव्याचे शेफ फ्लॉइड कार्डोझ जीवरसायनशास्त्र सोडून या व्यवसायात आले. 1998 साली त्यांनी रेस्टॉरंट व्यावसायिक डॅनी मेयर यांच्यासोबत मॅडिसन स्क्वेअर पार्कलगत ‘तबला’ सुरू केले. वरच्या मजल्यावर औपचारिक भोजनदालन होते, तर खाली तंदूर असलेला ‘ब्रेड बार’. गोव्याच्या मसाल्यातले खेकड्याचे केक तिथे नावाजले गेले आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने रेस्टॉरंटला तीन तारे दिले. मात्र जागा अवाढव्य होती, आणि 2008 च्या मंदीनंतर अडीचशेहून अधिक खुर्च्या रोज भरणे कठीण झाले. डिसेंबर 2010 मध्ये ते बंद झाले. पुढे 2016 मध्ये कार्डोझ यांनी सोहो भागात तुलनेने लहान ‘पाववाला’ काढले, 2018 मध्ये त्याचे नाव ‘बॉम्बे ब्रेड बार’ केले, पण 2019 मध्ये तेही मिटले. जागा लहान घेतली की प्रश्न सुटतो, असे म्हणूनच मला वाटत नाही.

फ्यूजनचा खरा खर्च कोठीत दिसतो. आमच्याकडे रात्री साठा मोजताना एका फळीवर आमसुले, सुके खोबरे, मिरच्या असतात आणि दुसरीवर चीज, क्रीम, ऑलिव्ह. पहिली फळी महिनोन्‌महिने टिकते. दुसरीवरचे उघडलेले क्रीम दोन-चार दिवसांत संपवावे लागते, आणि ते एकाच पदार्थात लागत असेल तर त्या पदार्थाचा नफा कचऱ्याच्या डब्यात जातो. त्यामुळे प्रशिक्षणात केवळ सजावटीच्या मागे लागू नका. साठानोंद, प्रत्येक ताटाचा खर्च आणि भाड्याचे विक्रीशी असलेले प्रमाण मागून घ्या, समजेपर्यंत विचारा.

रेस्टॉरंट बंद पडले म्हणून तिथे घडलेला हात वाया जात नाही, हेही मी मुलांना आवर्जून सांगतो. ‘तबला’ बंद झाल्यानंतर पुढच्याच वर्षी कार्डोझ यांनी ‘टॉप शेफ मास्टर्स’ ही अमेरिकी टीव्हीवरची पाककला स्पर्धा जिंकली, आणि अंतिम फेरीत परीक्षकांसमोर त्यांनी ठेवला होता आपला उपमा, अळंब्या, कोकम आणि नारळाच्या दुधासह.