कुत्र्यावर जनावराने हल्ला केला, आता रेबीजची शंका: या चुका टाळा

आपल्या कुत्र्याला दुसऱ्या जनावराने फाडलं की पुढचे काही दिवस घरातले सगळे एकच गोष्ट बघत बसतात: तोंडाला फेस येतोय का. फेस नाही, पाणी पितोय, शेपूट हलवतोय, म्हणजे सुटलो. या हिशेबात घोळ असा की त्या चाव्यातून आलेला रेबीज पहिल्या चार-पाच दिवसांत दिसणारच नसतो. आणि ज्या दिवशी तो दिसायला लागतो, त्या दिवसापासून त्या कुत्र्यासाठी कोणाच्याच हातात काही उरत नाही. लक्षणं ओळखायची ती घरातली माणसं आणि बाकीची जनावरं वाचवण्यासाठी. कुत्र्याला वाचवायची संधी असते ती चावा बसला त्या दिवशी, आणि नेमकी तीच वाट बघण्यात जाते.

विषाणू चावणाऱ्याच्या लाळेतून जखमेत उतरतो. काही काळ तिथल्या स्नायूतच राहतो, मग मज्जातंतूत शिरतो आणि त्या वाटेने मेंदूकडे सरकत जातो. तो रक्तातून पसरत नाही, म्हणून त्याला वेळ लागतो. मेंदूत पोचल्यावर पुन्हा मज्जातंतूंवाटेच लाळग्रंथींत येतो. लाळ धोकादायक होते ती या शेवटच्या टप्प्यात. खालच्या बऱ्याचशा चुका हा प्रवास माहीत नसल्यामुळे होतात.

दहा दिवसांचा नियम भलत्याच कुत्र्याला लावणं

सर्रास होणारी चूक हीच. "दहा दिवस लक्ष ठेवा" हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण तो नियम चावणाऱ्या कुत्र्यासाठी किंवा मांजरासाठी आहे. ज्याला चावा बसला त्याच्याशी त्याचा संबंध नाही.

लाळेत विषाणू आला की कुत्रा थोड्याच दिवसांत आजारी पडतो आणि मरतो. त्यामुळे चावणारा कुत्रा दहा दिवसांनीही धडधाकट असेल, तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं म्हणता येतं. तुमच्या कुत्र्याचं तसं नाही. त्याच्या अंगात विषाणू शिरला असेल तर तो अजून वाटेत आहे. लक्षणं यायला साधारण दोन आठवड्यांपासून चार महिन्यांपर्यंत वेळ लागतो, क्वचित सहा महिने किंवा त्याहूनही जास्त. तोंडावर, मानेवर, डोक्याजवळ चावा असेल तर हा काळ कमी असू शकतो, मागच्या पायावर असेल तर लांबू शकतो. अकराव्या दिवशी "झालं, टळलं" म्हणून कुत्र्याला पुन्हा मुलांच्या अंथरुणात सोडणं म्हणजे खरा धोक्याचा काळ सुरू होताना राखण उठवण्यासारखं आहे. चाव्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि पुढचे सहा महिने ती विसरू नका.

दुसरी गोष्ट, हा नियम कोल्हा, मुंगूस, वटवाघूळ अशा रानटी जनावरांना लागू होत नाही. ती लक्षणांच्या किती आधीपासून लाळेतून विषाणू टाकतात याचा भरवशाचा हिशेब नाही. आणि हल्ला कोणी केला हेच माहीत नसेल, म्हणजे कुत्रा रात्री बाहेरून रक्ताळून आला, तर हल्ला करणारं जनावर रेबीजचं होतं असंच धरून चालायचं. दिवसाढवळ्या माणसाला न बिचकता अंगावर आलेला कोल्हा किंवा जमिनीवर पडून फडफडणारं वटवाघूळ असेल तर शंका आणखी दाट.

"कुठे काही लागलेलं दिसत नाही"

दाट केसांत सुळ्याचं भोक सहज दिसत नाही. रक्त सुकून चार केस एकमेकांना चिकटलेले असतात, एवढीच खूण. ती गुठळी ओल्या कापडाने सोडवली की खाली टाचणीच्या डोक्याहून जरा मोठं छिद्र सापडतं. तोंड बारीक, पण आत खोल गेलेलं. केस उलट्या दिशेने फिरवत मान, कानामागची जागा, काख, जांघ आणि शेपटीचं बूड तपासा. एक छिद्र सापडलं की आसपास आणि समोरच्या बाजूला त्याचा जोडीदार शोधा, कारण जबडा दोन्ही बाजूंनी मिटतो.

हे सगळं हातमोजे घालून करा. हल्ला करणाऱ्याची ताजी लाळ तुमच्या कुत्र्याच्या केसांवर असते, आणि तुमच्या बोटाला साधी चीर असली तरी ती वाट पुरते. दुखावलेला कुत्रा मालकालाही चावतो, म्हणून श्वास नीट चालू असेल तर आधी तोंडाला जाळी किंवा पट्टी बांधा.

मग साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं आणि साबण ते मोडतो, इतका साधा हिशेब आहे. त्यानंतर पोविडोन आयोडीन (जखमेवर लावायचं जंतुनाशक) चालेल. लेप, पूड, तेल काहीही जखमेत भरू नका. टाके घालायचे का, हे डॉक्टर ठरवतील. पण जखम जनावराच्या चाव्याची आहे हे त्यांना आधी सांगा. "तारेत अडकला असेल" असं सांगून मोकळे होणारे लोक असतात, आणि मग त्या भेटीत रेबीजचा विषयच निघत नाही.

लस घेतली आहे म्हणून निर्धास्त राहणं

कार्ड काढा आणि तारीख बघा. लस वेळेवर झालेली असली तरी चाव्यानंतर लगेच बूस्टर द्यायचा असतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय मार्गदर्शक नियमांत अशा कुत्र्याला बूस्टर देऊन 45 दिवस घरी देखरेखीखाली ठेवायला सांगितलं आहे. एकदाही लस न झालेल्या कुत्र्यासाठी तिथे दोनच वाटा आहेत: दयामरण, किंवा तात्काळ लस आणि चार महिने कडक विलगीकरण. काही देशांत अशा कुत्र्याला चाव्यानंतर ठरावीक दिवशी अनेक डोस देतात. नियम देशोदेशी वेगळे असल्यामुळे तुमच्याकडचं वेळापत्रक पशुवैद्याकडूनच घ्या. मात्र पहिला डोस आज की उद्या, असा प्रश्नच नसतो: तो आजच.

पिल्लांच्या बाबतीत एक गैरसमज हमखास आढळतो. पहिली लस टोचली म्हणजे पिल्लू त्याच दिवसापासून सुरक्षित झालं, असं नाही. पहिल्या डोसनंतर साधारण 28 दिवसांनी ते लसवंत धरलं जातं. मधल्या काळात हल्ला झाला तर त्याला लस न झालेलंच समजतात.

फेस आणि पाणी, एवढंच बघत बसणं

पाण्याची भीती हे माणसातलं लक्षण. रेबीज झालेला कुत्रा पाण्याला घाबरत नाही. तो वाडग्याजवळ जातो, तोंड बुडवतो, जीभ हलवतो. फक्त घसा लुळा पडल्यामुळे पाणी आत जात नाही, दोन्ही कडांनी तारांसारख्या चिकट लाळेसकट परत वाडग्यात पडतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, मस्त पाणी पितोय. म्हणून वाडग्यातली पातळी कमी झाली का ते बघा, आणि गिळताना होते तशी गळ्याची हालचाल दिसते का ते बघा. लाळसुद्धा जास्त सुटते असं नाही, मुख्यतः ती गिळता येत नाही म्हणून बाहेर येते.

या सगळ्याच्या आधी दोन-तीन दिवस स्वभाव बदलतो, आणि कुत्र्याला रोज बघणाऱ्यालाच तो कळतो. लाडका कुत्रा पलंगाखाली जाऊन बसतो, उजेड नको म्हणतो. एरवी कोणाला जवळ येऊ न देणारा अचानक चिकटतो. चाव्याची जागा भरून आलेली असते, तरी तीच पुन्हा पुन्हा चाटतो, खाजवतो, चावून सोलून काढतो. आवाज बदलतो: भुंकणं घोगरं होतं किंवा मध्येच फाटून लांबट केकाटण्यात जातं. पुढे माती, लाकूड, दगड खाणं, नसलेल्या माशीवर झडप घातल्यासारखा हवेत चावा घेणं, घर सोडून दूरवर भटकत जाणं, साखळीलाच चावत राहणं. मग मागचे पाय लटपटतात आणि लुळेपणा वर सरकत जातो. लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण दहा दिवसांच्या आत सगळं संपतं.

शांत आहे म्हणून रेबीज नाही

पिसाळलेला कुत्रा म्हणजे दात विचकून धावणारा, हे चित्र इतकं पक्कं आहे की रेबीजचा मुका प्रकार नजरेतून निसटतो. त्यात कुत्रा कोणावर धावत नाही. कोपऱ्यात पडून राहतो, खालचा जबडा लटकतो, जीभ बाहेर, लाळ गळते, डोळे विझल्यासारखे. बघणाऱ्याला दया येते, आणि इथेच या लेखातली सगळ्यात महागात पडणारी चूक होते: "घशात हाड अडकलंय" म्हणून कोणीतरी तोंडात हात घालतं. कुत्रा चावला नाही तरी सुळ्याला बोट घासतं, लाळ नखाच्या कडेला लागते, संपलं.

हाड खरंच अडकू शकतं, नाकारत नाही. हाड अडकलेला कुत्रा सहसा पंजाने तोंड ओरबाडतो, ओकाऱ्या काढतो, अस्वस्थ असतो. पण हा फरक घरी बसून पारखायचा नाही. हल्ल्याचा इतिहास असलेल्या किंवा लस न झालेल्या कुत्र्याचा जबडा लटकला की दार बंद करा, मुलांना दुसऱ्या खोलीत न्या आणि डॉक्टरांना फोनवर आधी सांगा: चावा कधी, लस कधी, लक्षणं कधीपासून. गाडीत मांडीवर घेऊन न कळवता दवाखान्यात शिरलात तर वाटेत आणि प्रतीक्षागृहात आणखी माणसं अडकतात.

उलट बाजू: प्रत्येक विचित्र वागण्याला रेबीज समजणं

घाबरून कुत्र्याला मारून टाकणारे लोकही आहेत, म्हणून हेही सांगायला हवं. हल्ल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुत्रा गुरगुरतो, खात नाही, हात लावू देत नाही, याचं कारण बहुधा वेदना, ताप, धास्ती किंवा आत साचलेला पू असतो. या चाव्याचा रेबीज इतक्या लवकर डोकं वर काढत नाही. (आधीचा, तुम्हाला न कळलेला चावा असू शकतो, म्हणून सावधगिरी सोडायची नाही.) डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजारातही झटके येतात आणि जबडा चघळल्यासारखा हलतो, पण सोबत बरेचदा नाक-डोळ्यांतून घट्ट स्राव आणि खोकला असतो. धनुर्वातात जबडा आवळला जातो, लटकत नाही. कीटकनाशकाच्या विषबाधेत लाळ, थरथर आणि जुलाब काही तासांत एकदम येतात. जबड्याच्या मज्जातंतूच्या एका आजारात जबडा असाच लटकतो, कुत्रा बाकी शुद्धीवर असतो आणि दोन-तीन आठवड्यांत बरा होतो.

माझ्या मते घरच्या माणसाला उपयोगी पडेल अशी एकच कसोटी आहे: दिशा. रेबीज एकाच दिशेने जातो, रोज कालच्यापेक्षा वाईट. एक झटका येऊन संध्याकाळी जेवायला उठलेला आणि आठवडाभर तसाच राहिलेला कुत्रा रेबीजचा असण्याची शक्यता फार कमी. पण ही कसोटी लांबून लावायची, कुत्रा बंदिस्त ठेवून. तोवर खाणं-पाणी हात आत न घालता सरकवा.

"रक्त तपासून बघू"

जिवंत कुत्र्यात रेबीज आहे की नाही हे खात्रीने सांगणारी रक्ततपासणी नाही. जी तपासणी मिळते ती लसीमुळे तयार झालेली प्रतिपिंडं मोजते. तिचा आकडा चांगला आला म्हणून रेबीज नाही, असा अर्थ काढू नका. पक्कं निदान होतं ते मेल्यानंतर, मेंदूच्या नमुन्यावर.

म्हणूनच हल्ला करणाऱ्या कुत्र्याला काठ्यांनी ठेचणं किंवा मेलेलं जनावर घाईने पुरून टाकणं हे नुकसानीचं. जिवंत आणि सुरक्षितपणे बांधलेला असता तर दहा दिवसांत उत्तर मिळालं असतं. मेलाच, तर डोकं शाबूत हवं. डोकं स्वतः कापायला जाऊ नका, उघड्या हाताने मृतदेह उचलू नका. पशुवैद्यकीय किंवा आरोग्य खात्याला कळवा. नमुना थंड ठेवायचा असतो, गोठवायचा नसतो.

माणसांनी मेंदूच्या तपासणीच्या अहवालाची वाट बघायची नाही. कुत्र्याची जखम उघड्या हाताने धुतली, त्याची लाळ ओरखड्यावर, डोळ्यात किंवा तोंडात गेली, भांडण सोडवताना कोणाचा तरी दात लागला, तर जखम पंधरा मिनिटं साबणाने धुऊन किंवा डोळे-तोंड भरपूर पाण्याने धुऊन त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जायचं. कुठे चीर नसलेल्या कातडीवर नुसतं चाटलं असेल तर लस लागत नाही. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) हेही लागतं, ते डॉक्टरांकडे मागा. अहवाल नकारात्मक आला तर पुढचे डोस थांबवता येतात.